ऐंशी टक्के म्हणजे नेमके किती? खानापूर रस्त्यावरच्या एका सीएनसी बॅचचं प्रकरण

खानापूरकडून बेळगावात शिरताना आधी मच्छे आणि मग उद्यमबाग या औद्योगिक वसाहती लागतात. सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी तिथं उभं राहिलं, की नंदगड, जांबोटी, खानापूरकडची पोरं बसमधून आणि दुचाकीवरून येताना दिसतात. कुणी फाउंड्रीत मोल्डिंगला, कुणी फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला), कुणी लेथवर, बरेचसे नुसते हेल्पर. ओतकाम आणि मशीनिंग यांत बेळगावचा हात जुना आहे, हत्तरगीला तर विमानांचे सुटे भागही बनतात. काम जिल्ह्यात आहे. तरीही याच तालुक्यांतली पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला वेर्ण्याच्या कारखान्यांत जातात आणि निपाणीकडची पोरं कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव गाठतात. "पोरांकडे कौशल्य नाही" असं इथल्या सभांमध्ये नेहमी ऐकू येतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: तीन महिन्यांचा एखादा कोर्स काढू या.

अशाच एका कोर्सचं हे प्रकरण. समाजकार्याचे विद्यार्थी आणि गावोगावचे कार्यकर्ते यांच्याबरोबर चर्चेला घ्यायचं म्हणून मी ते रचलं आहे. केंद्र, पतसंस्था, मुलं-मुली, त्यांचं बोलणं आणि त्यांचे आकडे कल्पित आहेत. जागा, सरकारी योजना, कायदे आणि बाहेरचे अभ्यास खरे आहेत.

ठराव आणि एक प्रश्न

बेळगावातल्या एका मराठी पतसंस्थेनं नफ्यातून रक्कम काढली आणि खानापूर रस्त्यावरच्या एका खासगी केंद्रात सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरचा कोर्स पुरस्कृत केला. ३० जागा, माणशी १८,००० रुपये, एकूण ५,४०,०००. अर्ज आले ५२. केंद्रानं मुलाखती घेऊन ३० निवडले आणि उरलेल्या २२ जणांना पुढच्या वेळी बघू म्हणून सांगितलं. कोर्स संपल्यावर महिन्याभरात अहवाल आला: ३० पैकी २४ जणांच्या हाती नेमणूकपत्र, म्हणजे ८० टक्के रोजगार. संचालक मंडळापुढे ठराव मांडला गेला की पुढच्या वर्षी दोन बॅच घ्याव्यात.

मंडळात एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ठरावाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "ती चोवीस पोरं आज कुठं हायत?" कोर्स संपून तेव्हा आठ महिने उलटले होते. उत्तर कुणाकडेच नव्हतं. ठराव एक महिना पुढे ढकलला आणि दोन कार्यकर्त्यांना फोननंबरांची यादी देऊन कामाला लावलं.

कसं विचारलं

इथं थोडं थांबतो, कारण मूल्यमापन बहुतेक वेळा याच पायरीवर बिघडतं.

"नोकरी आहे का?" असा प्रश्न विचारला की उत्तर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून येतं. केंद्राचा माणूस विचारतोय असं वाटलं, तर पोरगा भिडेखातर हो म्हणतो. सरकारी माणूस वाटला, तर नाही म्हणतो. कर्नाटकात जानेवारी २०२४ पासून युवानिधी योजना सुरू आहे. पास होऊन १८० दिवस नोकरी न मिळालेल्या पदवीधराला महिन्याला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. नोकरी लागली की पैसे बंद. या बॅचमध्ये तीन पदवीधर होते. अनोळखी माणसाला ते फोनवर खरं का सांगतील? मी त्यांना दोष देणार नाही. प्रश्न नीट विचारण्याची जबाबदारी आपली असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी 'नोकरी' हा शब्दच बाजूला ठेवला. "काय करालास सध्या?" इथून बोलणं सुरू करायचं. मग गेल्या सात दिवसांत पैशासाठी काय काम केलंस, किती दिवस गेलास, गेल्या महिन्यात हातात किती आले, खोलीभाडं आणि मेस जाऊन किती उरले. आणि ही माहिती तुझ्या नावासकट कुणाला जाणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. ज्यांचा फोन लागला नाही, त्यांच्या घरी गेले. सगळे ३० सापडले.

गुरुजींनी आणखी एक आग्रह धरला. मुलाखतीत मागे पडलेल्या त्या २२ जणांनाही हेच प्रश्न विचारा. मंडळातल्या काहींना हे फुकटचं काम वाटलं. ज्यांच्यावर एक पैसा खर्च केला नाही, त्यांची चौकशी कशाला? माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच होता. कोर्स केला नसता तर या पोरांचं काय झालं असतं, हे डोळ्यांनी बघता येत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारं उत्तर त्या बावीस जणांकडेच होतं: तीच गावं, तेच वय, तीच इच्छा, फक्त कोर्स नाही.

काय सापडलं

२४ नेमणूकपत्रांपैकी ९ उद्यमबाग-मच्छेची, ७ शिरोलीकडची आणि ८ चाकण व बेंगळूरच्या पिण्या औद्योगिक वसाहतीची होती. तीन महिन्यांनी त्याच कामावर टिकलेले निघाले १४. ग्रामीण युवकांसाठी केंद्र सरकारची जी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्यात रोजगार लागला असं म्हणायला सलग तीन महिने काम झालेलं असावं लागतं. ती मोजपट्टी लावली, तर ८० टक्क्यांचे ४७ होतात. कोर्सचं केंद्र खोटं बोललं नव्हतं. पत्र हातात पडलं तो दिवस त्यांनी मोजला होता, कारण करारात तेवढंच मागितलं होतं आणि शेवटचा हप्ताही त्यावरच मिळणार होता.

नवव्या महिन्यात ३० पैकी १७ जण काही ना काही पगारी काम करत होते. त्यातले मशीनवर किंवा मशीनशॉपमध्ये ९. उरलेल्या आठांपैकी तिघं गोव्यात हॉटेल आणि गोदामांत, दोघं ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, एक मोबाइलच्या दुकानात, एक सिमेंटच्या दुकानात, एक फाउंड्रीत हेल्पर.

मशीनवरच्या नऊ जणांत दोघं शिकाऊ उमेदवार आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे असा मुलगा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला मिळतं ते विद्यावेतन. त्याला रोजगारात धरायचं की नाही, यावर मंडळात बराच वाद झाला. मला विचाराल तर वेगळ्या रकान्यात धरावं आणि मुदत संपल्यावर त्याला कायम केलं का, हे पुन्हा विचारावं.

आता ते बावीस. त्यांतले वीस सापडले आणि त्या वीसांत १२ जण पगारी कामावर होते. म्हणजे ६० टक्के. कोर्स केलेल्यांत ५७ टक्के.

हे आकडे वाचून दाखवले तेव्हा सभेत कुणी बोललं नाही. कोर्सचे संयोजक हिरमुसले, आणि ते साहजिक होतं, कारण त्यांनी तीन महिने मनापासून धावपळ केली होती. पण या आकड्यांवरून कोर्स वाया गेला असं म्हणणंही तितकंच चुकीचं ठरतं. ३० आणि २० माणसांच्या तुलनेत निव्वळ योगायोगानं सुमारे २८ टक्क्यांचा फरक इकडे किंवा तिकडे पडू शकतो. त्यामुळे तीन टक्क्यांच्या या फरकातून कोर्सनं फायदा केला की तोटा, काहीच ठरत नाही.

शिवाय दोन्ही गट सारखे नव्हते. मुलाखतीत चटपटीत, बारावी सायन्स झालेली मुलं निवडली गेली. ती तशीही कुठं ना कुठं लागली असती. उलट बाजूही आहे. कोर्सला धावत येतो तो बहुतेक वेळा हातचं काम नुकतंच सुटलेला असतो. या केंद्राची भरती झाली तेव्हा उसाचा गाळप हंगाम संपलेला होता आणि कित्येक पोरं घरी बसलेली होती. अशा तळाच्या महिन्याशी नऊ महिन्यांनंतरची तुलना केली, तर कोर्स नसतानाही चढ दिसणारच. अमेरिकन अर्थतज्ज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये प्रशिक्षणाआधीच्या कमाईतली ही घसरण दाखवून दिली आणि तेव्हापासून तिला त्यांचंच नाव आहे. आपल्या हंगामी तालुक्यांत ती घसरण समजायला पुस्तकही लागत नाही.

बाहेर काय दिसलं आहे

तुर्कस्तानात सरकारी रोजगार संस्थेच्या कोर्सेसची मोठी पारख २०१०-११ मध्ये झाली. २३ प्रांत, सुमारे ५,९०० अर्जदार, आणि कोर्सला कोण जाणार हे सोडतीनं ठरवलेलं. रोजगारात सरासरी फरक पडला तो शंभरात जेमतेम दोघांचा. चांगल्या, नोंदणीकृत नोकऱ्यांत सुरुवातीला थोडा फायदा दिसला, तोही तीन वर्षांत विरला. प्रशिक्षणार्थी आणि खुद्द संस्थेचे कर्मचारी या दोघांचेही आधीचे अंदाज याच्या कितीतरी पट होते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून निघालं की शंभर जणांना प्रशिक्षण देऊ केलं, तर एरवी न मिळालेली नोकरी मिळते ती तिघांपेक्षाही कमी जणांना.

आपल्या पतसंस्थेचा हिशेब यावर मांडून बघा. माणशी १८,००० रुपये आणि शंभरात तीन जादा नोकऱ्या, म्हणजे एका जादा नोकरीमागे सहा लाख. परिणाम शंभरात दहा असेल, तर एक लाख ऐंशी हजार. आणि तीन टक्क्यांचा फरक खात्रीनं ओळखायचा असेल, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार हजारांहून जास्त माणसं हवीत. एवढी मोजदाद एका पतसंस्थेच्या आवाक्यातली नाही.

पण सगळीकडे निराशाच आहे असंही नाही. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत बायकांसाठी सहा महिन्यांचा शिवणकामाचा कोर्स झाला. त्याच्या सोडतीवर आधारलेल्या अभ्यासात रोजगारात शंभरात सहा जणींचा फायदा दिसला. केंद्र लांब असणं आणि मुलं सांभाळायला कुणी नसणं यांमुळे बायका कोर्स अर्धवट सोडतात, हेही तिथं दिसलं. युगांडात एका गटाला सहा महिने संस्थेत शिकवलं आणि दुसऱ्या गटाला थेट कामाच्या जागी मालकाच्या हाताखाली ठेवलं. दोन्ही गटांची कमाई वाढली. पण संस्थेत शिकलेल्यांचा फायदा जास्त टिकला, कारण त्यांचं प्रमाणपत्र दुसरा मालकही मानत होता. एक काम सुटलं तरी त्यांना दुसरं मिळत होतं. हा मुद्दा सीमाभागाला फार लागू आहे. इथल्या पोराला आज उद्यमबाग, उद्या शिरोली, परवा वेर्णा असं फिरावं लागतं. तीन राज्यांत ओळखला जाणारा आयटीआयचा राष्ट्रीय दाखला आणि खासगी केंद्राचा रंगीत कागद यांत किती अंतर आहे, ते फोरमन पहिल्याच दिवशी ओळखतो.

साखळी कुठं तुटली

लहान बॅचमधून परिणाम सिद्ध होत नाही, पण पोरं कुठं गळली हे मात्र स्वच्छ दिसतं. या प्रकरणात माझं मन सगळ्यात जास्त इथंच गुंतलं.

पहिली गळती मशीनपाशी. केंद्रात सीएनसी लेथ एकच होता. रोज सहा तास, महिन्याला २६ दिवस, तीन महिने, म्हणजे ४६८ तास. तीसांत वाटले, तर एका पोराच्या वाट्याला साडेपंधरा तास. बाकीचा वेळ पडद्यावर चित्रं आणि वहीत प्रोग्रॅम उतरवणं. उद्यमबागेतल्या एका सुपरवायझरनं कार्यकर्त्यांना सांगितलं, "प्रोग्रॅम सेटर घालतोय. मला जॉब लावता येणारा, ऑफसेट कळणारा आणि मायक्रोमीटर बरोबर वाचणारा पोरगा पाहिजे." जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, ऑफसेट म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती. पाच जणांना त्यानं चाचणीला बोलावलं होतं. तिघांना मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं वाचन करता आलं नाही.

दुसरी भाषेपाशी. यातली बहुतेक मुलं मराठी शाळेत शिकलेली. कोर्सच्या नोट्स इंग्रजीत, शिकवणं हिंदीत, परीक्षा इंग्रजीत. शॉपमध्ये मात्र सगळा व्यवहार मराठी-कन्नड मिसळून चालतो, आणि पिण्याला गेलं की कन्नडशिवाय पान हलत नाही. मातृभाषेत शिकण्याचा हक्क मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. मायक्रोमीटर मराठीत समजावला असता, तर त्या तिघांचं वाचन चुकलं नसतं असं माझं ठाम मत आहे. पण त्याच जोडीला कामापुरतं कन्नड शिकवणं ही त्या पोरांच्या पोटापाण्याची गरज आहे. १९५६ पासूनच्या सीमावादाचं ओझं त्यांच्या पगारावर पडू नये.

तिसरी गळती खोलीभाड्याची. चाकण-पिण्याच्या आठांपैकी सहा जण तीन महिन्यांच्या आत परतले. एकानं हिशेब दिला: पगार १५,०००, खोली-मेस-प्रवास ९,५००, वर गणपतीला आणि यल्लम्माच्या जत्रेला घरी येणं. "घरात राहून हेल्पर म्हणून गेलो तरी याच्यापेक्षा जास्त उरतंय," तो म्हणाला. कागदोपत्री हा मुलगा रोजगार सोडून गेलेला. मला त्याचा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

चौथी मुलींची. तीसांत पाच मुली होत्या. पाचही जणींनी कोर्स पूर्ण केला, तिघी परीक्षेत पहिल्या दहात आल्या आणि नवव्या महिन्यात कामावर होती एकच. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. त्यामुळे तीन महिने केंद्रात येणं जमलं. पण दुसरी शिफ्ट रात्री सुटते तेव्हा फुकट काय आणि विकत काय, त्यांच्या गावाला बसच नसते. जांबोटीकडची एक मुलगी म्हणाली, "मी येतो की कामाला. रात्री आणून सोडणार कोण?" या प्रश्नाला कोर्सच्या अभ्यासक्रमात जागाच नव्हती.

आणि एक गोष्ट, जी मला अजून अस्वस्थ करते. मशीनवर टिकलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांचा मामा, भाऊ किंवा शेजारी आधीपासून त्याच शॉपमध्ये होता. प्रतीक्षायादीतल्या वीसांतही चौघं मशीनशॉपमध्ये लागलेले निघाले, आणि चौघंही ओळखीनं. त्यातला एक वेर्ण्याला हेल्पर म्हणून लागला आणि ऑपरेटर सुटीवर गेला की मशीनवर उभा राहत शिकला. ज्याच्या घरातलं कुणीच कारखान्यात नाही, त्याच्यासाठी खरं तर हा कोर्स होता. तो पोरगा नऊ महिन्यांनी ट्रॅक्टरवर होता.

मंडळानं काय ठरवलं

दोन बॅचचा ठराव मागे घेतला गेला. कोर्स बंद करावा, असंही एकजण म्हणाले, पण ते मान्य झालं नाही. ठरलं ते असं: एकच बॅच, १५ जणांची. पहिले सहा आठवडे केंद्रात, पुढचे सहा उद्यमबागेतल्या तीन शॉपमध्ये, फोरमनच्या हाताखाली. मोजमाप आणि ड्रॉइंग मराठीत शिकवायचं, आठवड्याला तीन तास कामापुरतं कन्नड. मुलींसाठी निदान पहिलं वर्षभर दिवसपाळी देतील अशाच शॉपशी बोलणी करायची. घरातलं कुणी कारखान्यात नसलेल्यांना अर्जातच वेगळं ओळखायचं आणि त्यांना शॉपमध्ये नेऊन भेटवण्याचं काम पतसंस्थेच्या सभासदांनी करायचं. सभासदांतच कितीतरी वर्कशॉपवाले आहेत! केंद्राचा शेवटचा ३० टक्के हप्ता सहाव्या महिन्याचं बँक पासबुक बघून द्यायचा.

केंद्रचालकांनी या हप्त्याच्या अटीला हरकत घेतली आणि तिच्यात तथ्य आहे. पोरगं गावच्या जत्रेला गेलं आणि परत आलं नाही, तर त्याचा भुर्दंड केंद्रानं का सोसावा? शिवाय अशी अट घातली की केंद्र ओळखीपाळखीची, हमखास टिकणारीच मुलं निवडणार. म्हणून निवड केंद्राच्या हातातून काढून घेतली. दहावी पास आणि साधी मोजमापाची चाचणी पार केलेले सगळे पात्र, आणि पात्रांमधून चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांवरच सर्वांत जास्त खल झाला. "आम्ही सामाजिक काम करतो, पोरांवर प्रयोग नाही," असं अध्यक्ष म्हणाले. गुरुजींनी त्यांना भिशीची आठवण दिली. भिशीत नंबर सगळ्यांचाच लागतो, चिठ्ठीनं फक्त क्रम ठरतो. इथंही तसंच करू. या वर्षी नाव निघालं नाही त्याला पुढच्या वर्षी विनामुलाखत जागा. मधल्या वर्षात दोन्ही गटांना तेच प्रश्न, तीन-तीन महिन्यांनी. अशा चार-पाच बॅच साठल्या आणि शेजारच्या निपाणी-चिकोडीकडच्या पतसंस्थांनीही तीच प्रश्नावली वापरली, तर कधी काळी बेरीज करण्याइतकी माणसं जमतील.

या वेळी पात्र ठरले ३८. पंधरा चिठ्ठ्या पतसंस्थेच्या सभागृहात, पालकांसमोर, एका लहान मुलीच्या हातानं काढल्या गेल्या. नाव न निघालेल्या एका पोराची आई उठून म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की घेणार असं लिहून द्या." लिहून दिलं. त्या कागदावर खाली एक ओळ गुरुजींनी स्वतःच्या हातानं घातली: प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या कामाची माहिती द्यायची, मग मुलगा कामावर असो वा नसो, जागा त्याचीच.